गायीची धार निघेपर्यंत

पहिल्या शुक्रवारी मजीदने आमच्या हातात बंदूक दिलीच नाही.

"बंदूक शेवटी," तो म्हणाला. "आधी आवाज. घरात कुणी शिरलं तर तुमचं पहिलं हत्यार तुमच्या गळ्यात आहे. ओरडा. आवाजानेच तो पळाला, तर नशीब तुमचंही आणि त्याचंही."

कुवेतमध्ये कबदच्या पलीकडे, शेळ्या-उंटांचे गोठे संपून नुसती पिवळट माती उरते, तिथे मजीदचं मैदान आहे. तीन बाजूंना मातीचे उंच बांध, एका कडेला पत्र्याची शेड, शेडमध्ये पाण्याचा कूलर आणि खजुराचं ताट. मजीद फौजेतून निवृत्त झालेला. पोट सुटलेलं, डोळे मात्र अजून पहाऱ्यावरचे. घरात एकटी असताना कुणी घुसलं तर बारा बोअरच्या बंदुकीने आपला बचाव कसा करायचा, याचा तो बायकांचा वर्ग होता. मी सोडून बाकी सगळ्या कुवेती. मला तिथे घुसवलं होतं अदिबाने. मी डायलिसिसची नर्स. अदिबाची आई वर्षानुवर्षं आठवड्यातून तीनदा माझ्या खाटेवर यायची. आई गेली, पण अदिबाने मला सोडलं नाही. परवानगीचं जे काही असतं ते सगळं तिनेच बघितलं होतं. बंदूक मैदानाची, काडतुसं मैदानाची, मजीदच्या नजरेबाहेर काहीही न्यायचं नाही.

पाळीपाळीने ओरडणं सुरू झालं. एकेकीचा आवाज असा, की शेडवरची कबुतरं उडून बांधापलीकडे गेली. माझी पाळी आली. मी ओढणी खोचली, एक पाऊल पुढे टाकलं आणि म्हटलं, "थांब. पुढे येऊ नकोस."

मजीदने कानामागे हात धरला. "सिस्टर, काही म्हणालात?"

मी परत म्हटलं. मला वाटलं, जरा मोठ्यानेच म्हटलं.

"असं म्हणालात तर चोर पळणार नाही. खुर्ची ओढून बसेल."

सगळ्या हसल्या. अदिबा तर वाकून हसली. "अरे, ती सुई टोचतानासुद्धा असंच बोलते. माझी आई म्हणायची, सिस्टरला काय म्हणायचंय ते ऐकायला मशीनसुद्धा थांबतं."

मीही हसले. माझ्या घरी मोठ्याने बोलण्याची रीतच नव्हती, आणि पुढे सगळं आयुष्य आजाऱ्यांच्या उशाशी गेलं. मोठ्याने बोलायचं कुणाशी?

पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. माझी नोकरी संपत आली होती. इथे नोकरी संपली की इकामा, म्हणजे राहायचा परवाना, संपतो, आणि इकामा संपला की आपला रस्ता, आपला वाणसामानाचा बकाला, खिडकीतून ऐकू येणारी आपल्या मशिदीची बांग, सगळं एका दिवसात दुसऱ्याचं होतं. मला गुहागरकडच्या आमच्या घरी जायचं होतं. जांभ्या दगडाचं छोटं घर, मागे नारळ-पोफळी, दोन रातांब्याची झाडं. यांनी आणि मी सुट्टीसुट्टीत जाऊन ते बांधलं. म्हातारपणी ओटीवर बसून चहा प्यायचा, एवढाच बेत होता. हे त्याआधीच गेले. ओटी आहे तशीच आहे. माझे दीर सदानंदभावजी चिपळूणहून येऊन अधूनमधून झाडून घेतात.

आमचा सुमेध इथे कुवेतमध्येच वाढला आणि आता टोरोंटोला असतो. त्याला माझं हे जाणं मुळीच पसंत नव्हतं.

"आई, यू कान्ट लिव्ह देअर अलोन. द्वारकाकाकूंचं काय झालं, विसरलीस?"

विसरणार कशी? द्वारकाकाकू आमच्या पलीकडच्या वाडीतल्या, एकट्या राहणाऱ्या. संध्याकाळी तीन माणसं आली, पाणी मागितलं, आणि काकूंना त्यांच्याच खुर्चीला बांधून हातातल्या पाटल्या काढून घेऊन गेली. सकाळी दूधवाला येईपर्यंत काकू तशाच होत्या. आता त्या पुण्याला लेकीकडे असतात. घराला कुलूप आहे.

"एक तर तू इकडे ये," सुमेध म्हणाला, "नाही तर शीक. बाबांची बंदूक आहे ना पोलीस ठाण्यात जमा? तुझ्या नावावर करून घेऊ. पण आधी मला व्हिडिओ दाखव, दॅट यू कॅन स्टॉप समवन. जमलं तर तू गुहागर. नाही जमलं तर नो आर्ग्युमेंट, टोरोंटो. प्रॉमिस?"

मी शब्द दिला. दिलेला शब्द मी मोडत नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तर त्याने मागितला. टोरोंटोत मी महिनाभर राहून आले आहे. सगळे फार चांगले. दिवसभर घरात मी आणि भांडी धुण्याचं यंत्र. दाराला बेल नाही, कॅमेरा आहे. कुणी आलं की सुमेधच्या फोनवर दिसतं, तो ऑफिसातूनच त्यांना सांगतो की पार्सल खाली ठेवा.

यांची बंदूक शेतीसंरक्षणाची, डुकरं आणि वानरांसाठी. यांनी ती आयुष्यात दोनचारदाच उडवली असेल, तीही आभाळात. माझा तिच्याशी संबंध एवढाच, की खंडेनवमीला तिला हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहायचं. त्यामुळे दुसऱ्या शुक्रवारी मजीदने पहिल्यांदा माझ्या हातात बंदूक दिली तेव्हा मी ती कपाळाला लावली.

"भरलेली नाहीये, सिस्टर," मजीद घाईने म्हणाला. "घाबरू नका."

अदिबाने त्याला अरबीत काहीतरी समजावलं. त्यानंतर तो माझ्याकडे बंदूक द्यायचा ती दोन्ही हातांवर आडवी धरून, जरा मान झुकवून.

बंदूक जड होती, पण शिकण्यासारखी होती. नळी कायम जमिनीकडे. बोट घोड्याच्या बाहेर, सरळ. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट दाबून धरायचा. सैल राहिला तर धक्का असा बसतो, की दुसऱ्या दिवशी वेणी घालायला हात वर जात नाही. माझा नाही गेला. वॉर्डात मी रक्तदाबाचा पट्टा डाव्या हाताने गुंडाळत होते आणि पेशंट विचारत होते, सिस्टर, पडलात का? मी हो म्हणायचे.

कागदावर नेम बरा लागायला लागला. आवाज मात्र येईना. मजीदचा नियमच होता, जी ओरडली नाही ती पास नाही. मी घरी उशीत तोंड खुपसून ओरडून बघितलं. मी राहते त्या फहाहीलहून कबदला जाताना गाडीच्या काचा वर करून ओरडून बघितलं. पहिल्यांदा "थांब" आलं ते स्टिअरिंगपर्यंतसुद्धा पोचलं नसेल. दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा शेजारून ट्रक गेला आणि तोंडातून आलं, "अगं बाई!" ते मात्र खणखणीत.

माझे नेम तसे साधेच आहेत. पहाटे उठून देवापुढे दिवा, गॅलरीतल्या तुळशीला पाणी, ड्यूटीवरून आल्यावर जप. आणि एक नेम माझ्या वडिलांकडून आलेला, अतिथीचा. वडील सांगायचे, रात्रीचं ताट वाढण्याआधी गृहस्थाने दारात उभं राहून, कुणी जेवायचं आहे का, असं विचारावं आणि गायीची धार काढायला जितका वेळ लागतो तितका वेळ वाट पाहावी. मग जेवावं. फहाहीलच्या तिसऱ्या मजल्यावर गाय कुठली? म्हणून मी जपाची एक माळ होईपर्यंत थांबते. दार सताड उघडं, आत ताट मांडलेलं. नाव घेऊन कुणाला बोलवायचं नाही. नाव घेतलं की तो पाहुणा झाला. अतिथी आपणहून यावा लागतो.

हे होते तेव्हा माणसं येत. खालच्या मजल्यावर तेलकंपनीतली एकटी राहणारी आपली मुलं होती. त्यातला संग्राम तर जिन्यातूनच ओरडायचा, "वहिनी, गाय दोहून झाली का? का वासरू सोडलंय अजून?" आणि हे आतून म्हणायचे, "ये रे, आज गाय आटली आहे, नुसता आमटीभात आहे." ती मुलं बदलून गेली. कुणी लग्न करून, कुणी दुसऱ्या देशात. हे गेले. मी दार उघडायची थांबले नाही. उंबऱ्याशी उभी राहते, म्हणायचं ते म्हणते, माळ ओढते. गेली कित्येक वर्षं त्या वेळी आमच्या जिन्यात चिटपाखरू नसतं. कधी खालून पावलं ऐकू येतात, मन जरा सावरून बसतं. पावलं दुसऱ्या मजल्यावर थांबतात आणि लिफ्टकडे वळतात. माळ संपते. मी दार लावते आणि दुसरं ताट फडताळात ठेवून देते.

इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, अशरफ नावाचा इजिप्शियन आहे, इमारतीतल्या आपल्या लोकांकडून मोडकं हिंदी शिकलेला. पंपाच्या खोलीत राहून राहून त्याला कमी ऐकू येतं, एका कानाने तर फारच, पण सकाळी मला बघून छातीवर हात ठेवायचा त्याचाही नेम चुकत नाही. दिवसभरात माझ्याशी एवढंच एक माणूस कामाव्यतिरिक्त बोलतं, तेही न बोलता.

माझा आवाज ज्या शुक्रवारी बाहेर पडला त्या शुक्रवारी मजीदने प्लायवूडची एक खोली उभी केली होती. एक खिडकी, एक दार, दाराला उंबराही होता. आत एकेकीने रबरी बंदूक घेऊन उभं राहायचं. मजीद अंगावर जाड कोट आणि तोंडावर जाळीचं शिरस्त्राण घालून बाहेरून येणार. तो दार ढकलेल, तुम्ही ओरडून अडवायचं. थांबला तर बंदूक खाली. पुढे आला तर खांद्याला.

मी आत गेले. बाहेर दुपारच्या जेवणाची तयारी चालली होती. भाताला दिलेल्या केशराचा आणि गरम खबुसाच्या रोट्यांचा वास प्लायवूडच्या फटींतून आत येत होता. पहाटेपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. आत अर्धवट अंधार, समोर दार, दारापलीकडे कुणीतरी येणार आहे आणि मी वाट बघते आहे. पावलं आली. ती कुठेही वळली नाहीत, सरळ दाराशीच आली. दार सताड उघडलं आणि उंबऱ्यात माणूस उभा राहिला.

"या! या, आत या! जेवायला या!"

माझाच आवाज. बांधावर आपटून तो परत आला. कबुतरं उडाली.

मजीद उंबऱ्यावर तसाच उभा. मग त्याने जाळी वर केली. "काय म्हणाली ही?"

मी सांगितलं. बायकांचं हसणं थांबेना. एकजण तर वाळूत बसली. "मजीद, जा आत! जेवून घे! नंतर पकडू तुला!" मजीद हसला नाही. त्याने दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आवाज हाच. शब्द तेवढे बदला."

त्या दिवशी मी अदिबाच्या गाडीतून आले होते. परतीच्या वाटेवर तिने विचारलं तेव्हा मी तिला नेमाबद्दल सांगितलं. एवढ्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. तिने गाडीचा वेग जरा कमी केला.

"आमच्याकडेही अनोळखी पाहुण्याला तीन दिवस विचारत नाहीत, का आलास म्हणून," ती म्हणाली. "पण सिस्टर, पाहुणा बाहेरून सलाम करतो. दार ढकलत नाही."

"दार आधीच उघडं असेल तर?"

"मग लावायचं ना! तू एकटी राहणार आहेस." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुझ्या त्या काकूंनीही पाणीच दिलं होतं ना?"

तिचं खरं होतं. त्या आठवड्यात मी रोज दारात उभी राहिले, पण माळेत लक्ष लागेना. पाणी मागणाऱ्यांतला अतिथी कोणता आणि पाटल्या काढणारा कोणता, हे चेहऱ्यावरून कळत असतं तर काकू गुहागरातच असत्या.

शेवटच्या शुक्रवारी मी पुन्हा त्या खोलीत उभी राहिले. अदिबा खिडकीबाहेर फोन धरून उभी होती, सुमेधसाठी. मी डोळ्यांपुढे खुर्ची आणली. बांधलेले हात, दुधवाल्याची वाट बघणारं घर. तेवढ्यात दार ढकललं गेलं.

"थांब! तिथेच थांब! हात दिसू देत!"

मजीद थांबला. खरोखरच दचकून थांबला. मी बंदूक खाली केली. बाहेर टाळ्या वाजल्या. तो आवाज माझ्यातूनच आला होता, पण माझ्या ओळखीचा नव्हता. घशाला घोगरेपणा आणि जिभेवर गंजासारखी चव ठेवून तो गेला. नंतर खरी काडतुसं घालून कागदावर गोळीबार झाला, तोही ठीक झाला. मजीदने दोन्ही हात छातीवर ठेवले. "खलास, सिस्टर. आता तुमच्या घरात कुणी शिरायचं नाही."

कुणी शिरायचं नाही. मी घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्याबरोबर गाडीत बसून होतं.

सुमेधचा फोन लगेच आला. "आई! वॉव! मी घाबरलो! ऑफिसात सगळ्यांना दाखवला. ओके, डील इज डील. तू जा गुहागरला. सदाकाकाला सांगतो परवान्याचं बघायला." त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. मी वाल सोलायला घेतले. डाळिंब्यांची उसळ करावीशी वाटली, यांना आवडायची. एकटीसाठी एवढे वाल कुणी भिजवत नाही, पण दोन रात्रींपूर्वीच भिजवले गेले होते, मोडही आले होते.

संध्याकाळी दिवा लावला. ताट मांडलं, दुसरंही मांडलं, दार उघडलं. जिन्यातला दिवा गेला होता. मी उंबऱ्याशी उभी राहून म्हणायचं ते म्हटलं आणि माळ सुरू केली. घसा दुखत होता.

पावलं आली. दुसऱ्या मजल्यावर थांबली. आता लिफ्टकडे वळणार. वळली नाहीत. जिना चढायला लागली, हळू, जड. अंधारात आकार दिसला. मोठा माणूस, दोन्ही हात पुढे, हातांत काहीतरी कापडाखाली झाकलेलं.

"थांब! तिथेच थांब! हात दिसू देत!"

काहीतरी पायऱ्यांवर पडून फुटलं. माणसाचे दोन्ही हात वर गेले.

"मदाम! मैं अशरफ, मदाम! अशरफ!"

माझ्या हातात माळ होती. ती मी खांद्याशी, दस्ता धरावा तशी घट्ट दाबून धरली होती. अशरफने हात वर धरूनच मान खाली घातली, "माफ करना, माफ करना," असं पुटपुटत तो मागच्या मागे वळला आणि उतरायला लागला. बशी फुटली होती. तिच्यातल्या रव्याच्या गोड वड्या, बसबूसा म्हणतात त्यांच्याकडे, पायरीपायरीवर पसरल्या होत्या. मी जाणार हे त्याला कळलं असणार. निरोपाचं गोड घेऊन तो पहिल्यांदाच वर येत होता.

इतक्या वर्षांनी माझ्या दारात एक माणूस आलं आणि मी त्याला हात वर करायला लावले. इथे हातात माळ होती. तिथे, ओटीवर, काय असतं?

पावलं पहिल्या मजल्यापर्यंत पोचली होती. मी कठड्याशी गेले. ओणवी झाले.

"अशरफ! वर या! जेवायला या! अशरफ!"

कबदपेक्षा मोठा आवाज. तो सगळ्या जिन्यातून घुमत खाली गेला. दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं, "क्या हुआ?" कुणी मल्याळममध्ये कुणाला काही विचारलं. वरच्या मजल्यावर लहान मूल रडायला लागलं. मी नाव घेऊन बोलावलं होतं. नेमात ते बसत नाही. देव बघून घेईल.

अशरफचं डोकं खाली जिन्याच्या वळणावर दिसलं. "मदाम, मुझको बोला?"

"हो, तुम्हालाच. आप को. खाना. आइए."

तो आला. मी अडवलं होतं त्या पायरीशी येऊन क्षणभर थांबला. मी बाजूला झाले तेव्हाच पुढचा पाय टाकला. आम्ही दोघांनी आधी काचा उचलल्या. मग त्याने हात धुतले आणि दुसऱ्या ताटावर बसला. मी भात वाढला, उसळ वाढली. तो बोटांनी भात कालवत म्हणाला, "मदाम, आज बहुत गुस्सा?"

"नाही हो. डर गई." मग मी त्याला विचारलं, रोज मी दारात उभी असते, तुम्ही बघता, मग कधीच कसे आला नाहीत?

"मदाम तो नमाज़ पढ़ती थी!" तो चकित होऊन म्हणाला. "हाथ में तस्बीह. मुँह हिलता, आवाज़ नहीं. मैं सोचा अल्लाह का टाइम है. सब को बोला, नीचे वाले, ऊपर वाले, बच्चा लोग, सब को. उस टाइम तीसरे माले की सीढ़ी से कोई नहीं जाएगा. लिफ्ट लो. मदाम को तकलीफ़ नहीं देना. आज लाइट नहीं, मदाम दिखा नहीं. मैं सोचा नमाज़ ख़त्म."

मी डाव हातात धरून उभी राहिले. दुसऱ्या मजल्यावर थांबणारी ती सगळी पावलं मला आठवली. इतकी वर्षं माझा जिना तो राखत होता. मला त्रास होऊ नये म्हणून.

तेवढ्यात सुमेधचा फोन वाजला. सदाकाकाशी बोलणं झालं, ते सोमवारी ठाण्यात जातील, फोटो लागतील.

"बंदूक नको, सुमेध," मी म्हटलं.

"व्हॉट? आई, ऐकू नाही आलं."

"बंदूक नको. तिथेच राहू दे ती, पोलिसांकडे."

"आई, दॅट वॉज नॉट द डील. बंदूक नाही तर..."

"तू सांगितलंस, कुणाला अडवून दाखव. अडवलं. आज दोनदा अडवलं. दुसऱ्यांदा ज्याला अडवलं तो आत्ता माझ्याकडे जेवतोय." घसा दुखत होता, तरी आवाज आपोआप चढत गेला. "दाराला कडी लावीन. कुत्रं पाळीन. भावजींना सांगून धोक्याचा भोंगा बसव हवा तर. पण ओटीवर बंदूक घेऊन मला कुणाची वाट बघता येणार नाही. मी घरी जाणार आहे, सुमेध. ऐकू आलं?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आलं," तो म्हणाला. "फोन जरा लांब धर, आई." आणि मग मराठीत, लहानपणी विचारायचा तसं, "काय केलंयस जेवायला?"

"डाळिंब्यांची उसळ."

"बाबांची," तो म्हणाला. "बरं. उद्या बोलू." त्याने होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. भोंग्याची किंमत बघतो म्हणाला आणि फोन ठेवला.

अशरफ खाली मान घालून जेवत होता. "बेटा?" त्याने विचारलं.

"हो."

"मेरा बेटा भी दूर. फोन पे ज़ोर से बोलना पड़ता है." त्याने ताटातलं शेवटचं शीत उचललं.

दार अजून उघडंच होतं. जिन्यातल्या पायऱ्यांवर रव्याचे कण पडले होते, आणि खालच्या मजल्यावरचं कुणीतरी लिफ्ट सोडून, उगीचच, जिन्याने वर डोकावून गेलं.

"आणखी वाढू?" मी विचारलं.

"क्या, मदाम?"

मी पातेलं उचललं, त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला गेले आणि मोठ्याने म्हटलं, "आणखी वाढू का?"